टॉप मॉडेलचा कौल

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, होडी पाण्यात लोटत नाही, आणि मुलगी द्यायची झाली तर पत्रिका नंतर, आधी कौल. तेव्हा महिपतने सेकंडहँड गाडीसाठी कौल मागितला यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं, आणि ते दादू गुरवाच्या हातून घडलं, म्हणून सांगायचं.

दादू गुरव म्हणजे पूर्णगडच्या अलीकडे खाडीकाठी जे पावणाईचं देऊळ आहे, तिथला पुजारी. वय अडुसष्ट, पाठ ताठ, बोलणं कमी. कौलाची रीत साधी. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक फुलाचा कळा चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. दादूच्या बापाने त्याला हे शिकवताना सांगितलं होतं की पाणी कमी लागलं की कळा लवकर सुटतो, म्हणून दोन्ही बाजूंना पाणी सारखं लाव. 'हे तुला ठाऊक हवं, ते चुकू नये म्हणून,' असं म्हातारा म्हणाला होता. बेचाळीस वर्षं दादूचा हात चुकला नाही. या हातावर गावातली लग्नं जमली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, कज्जे मिटले.

महिपत हा बोटीवरचा माणूस. आठ महिने समुद्रावर, चार महिने घरी. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ ओमकार हायवेच्या उतारावर गाडी ठोकून गेला. गाडी फारशी चेपली नव्हती, पण स्टेअरिंग छातीत बसलं. एअरबॅग असती तर पोरगा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य महिपतच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. आता पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोटीवर जायचं होतं. मागे बायको मृणाली आणि तीन वर्षांची मनस्वी. मनस्वीला ऐकू कमी येतं. कानाला मशीन लावलं होतं आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला न्यावं लागे. एसटीत पोर रडून रडून निळी व्हायची. म्हणून मृणाली गाडी चालवायला शिकली होती, आणि महिपतला गाडी हवी होती. अट एकच, एअरबॅग पाहिजे. रंग कुठला का असेना.

गाडी घ्यायची तर दादूच्या मुलाकडून, हेही ठरलेलंच. सर्वेशचं रत्नागिरीजवळ कुवारबावच्या पुढे जुन्या गाड्यांचं यार्ड होतं. पोरगा गोडबोल्या, गिऱ्हाइकाला चहा पाजून मग गाडी दाखवणारा. त्याच्याकडे 'झेप' नावाच्या मॉडेलच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही २०१७च्या, एक लाल, एक पांढरी. त्या साली झेपच्या टॉप मॉडेललाच तेवढ्या पुढे दोन एअरबॅग यायच्या, सगळ्यात स्वस्त बेस मॉडेलला एकही नाही. सर्वेश म्हणाला, दोन्ही टॉप. किंमत जवळजवळ सारखी. लाल जास्त फिरलेली, पांढरी कमी. महिपतने चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाला, "दादूकाका, मला काय ते कळत नाय. देवी सांगेल ती घेतो."

इथवर सगळं सरळ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वेश जेवायला घरी आला आणि अंगणात फोनवर बोलत उभा राहिला. दादू आत पानाला चुना लावत होता. त्याच्या कानावर आलं, "अरे दोनातली एक खरी आहे. दुसरी बेस, तिला टॉपचे कपडे चढवलेत. नाही कळत रे कोणाला. मी केलंय म्हणून मला कळतं, एवढंच."

दादूच्या हातातलं पान तसंच राहिलं.

सर्वेश जेवायला बसला तेव्हा त्याने विचारलं, "महिपतला दाखवल्यास त्या दोन्ही गाड्या टॉपच ना रे?"

"दोन्ही टॉपच. तुम्ही कौल लावा बाबा, गाड्यांचं मी बघतो," सर्वेश भात कालवत म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

आता खरं तर दादूने तिथल्या तिथे पोराचं मानगूट धरायला हवं होतं, नाहीतर सरळ महिपतच्या दारात जायला हवं होतं. पण एकुलता एक मुलगा, मुंबईहून हात हलवत परत आलेला, आत्ता कुठे माणसांत उभा राहिलेला. गावाला कळलं तर गुरवाचा पोर चोर ठरणार. दादूने मधला रस्ता काढला, आणि मधला रस्ता माणसाला नेहमी शहाणपणाचाच वाटतो. खोटी गाडी कुठली ते आपण ओळखायचं आणि महिपतला खरीकडे वळवायचं. मुलाची अब्रू झाकलेली, मृणाली नि पोर सुखरूप. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

तो एसटीने यार्डात गेला. सर्वेश बँकेत होता. दादूने दोन्ही गाड्यांभोवती प्रदक्षिणा घातल्या. टॉप कशी ओळखायची ते त्याला ऐकून ऐकून पाठ होतं. सर्वेश गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा तो कितीदा बाजूला बसलेला असे. अलॉयची चाकं बघा, मागच्या काचेवर वायपर बघा, पुढे धुक्याचे दिवे, आत मोठा स्क्रीन, आणि स्टेअरिंगच्या मधोमध नि समोरच्या डॅशबोर्डवर 'एअरबॅग' असं उठवलेलं. दादूला इंग्रजी येत नसलं तरी ती अक्षरं आता ओळखीची झाली होती.

पंचाईत अशी की दोन्ही गाड्यांना हे सगळं होतं.

मग दादूने आपलं डोकं चालवलं. लाल गाडीची चाकं कोरी, चकचकीत. स्क्रीनवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही. सीटकव्हर नवी, वास मारणारी. पांढरीचं सगळं तिच्या वयाचं. चाकांवर ओरखडे, स्क्रीनवर बोटांचे डाग, स्टेअरिंगवरचा तो शब्द हात लागून लागून गुळगुळीत झालेला. वयस्क बाईने नवीन नथ घालून मिरवावं तशी लाल दिसत होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दादू मनात म्हणाला. ज्याला कपडे चढवले तो नव्या कपड्यांतच असणार. लाल खोटी. त्याला अगदी हायसं वाटलं. परतीच्या एसटीत त्याला झोपही लागली.

सोमवारी सकाळी देवळात कौल होता. महिपत आला, मृणाली मनस्वीला कडेवर घेऊन आली, वाडीतली दहाबारा माणसं आली, कारण कौल म्हटला की माणसं येतातच. ठरलं असं की उजवा पडला तर पांढरी, डावा पडला तर लाल. दादू गाभाऱ्यात गेला. माणसांकडे पाठ होती. त्याने डाव्या कळ्याचा देठ तांब्यात चांगला बुडवला आणि खांद्यावर दाबून बसवला. उजव्याचा देठ धोतराच्या सोग्याला हळूच पुसला आणि नुसता टेकवला.

"बाय माझे, पोटासाठी नाय करीत," तो पुटपुटला. "एका लेकराच्या जिवासाठी करतोय. वाईट वाटून घेऊ नकोस." मग तो बाहेर आला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. आजवर पाठीशी उभी राहिलीस तशी आजही राहा, लेकरं समुद्राच्या नि रस्त्याच्या भरवशावर आहेत, त्यांच्या वाटेत जो कोणी आडवा येईल त्याला बाजूला कर. माणसं म्हणाली, होय महाराजा. 'आडवा येईल' म्हणताना दादूची जीभ जरा अडखळली होती, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, उजवा कळा पडला. महिपतने डोळे पुसले. मृणालीने पोरीला देवीपुढे वाकवलं. डावा कळा संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. दिवाबत्तीच्या वेळी दादूने तो हाताने काढला तर देठाबरोबर काळं पाणी निघालं. देवळात आडाचंच स्वच्छ पाणी वापरतात. त्याने हात धोतराला पुसले आणि ते कोणाला सांगितलं नाही.

मंगळवारी महिपतने पैसे भरून पांढरी गाडी घरी नेली. त्या संध्याकाळी सर्वेश पेढे घेऊन आला. बऱ्याच दिवसांनी तो बापाच्या पाया पडला.

"देवीने आपलं भलं केलं बाबा," तो म्हणाला. "लाल काय, कोणीही उचलली असती. पांढरीचीच काळजी होती मला."

दादूने पेढा खाली ठेवला. "पांढरीची कशाला?"

पोरगा खुशीत होता, आणि खुशीत माणूस बढाई मारतो. त्याने सगळं सांगितलं. लाल गाडी खरी टॉप. तिची जुनी चाकं खड्ड्यांनी वाकली होती म्हणून नवी घातली, मालकाने स्क्रीन फोडला होता म्हणून तोही नवा. पांढरी बेस. भंगारात एक ठोकलेली टॉप झेप मिळाली होती, तिचं सामान काढून पांढरीला बसवलं. चाकं, वायपर, स्क्रीन, स्टेअरिंग, डॅशबोर्डचं झाकण, मीटर. "जुन्या गाडीवर जुनंच सामान घालायचं असतं. नवीन घालतो तो अडाणी. नवीन दिसलं की माणूस शंका घेतो."

"आणि आत एअरबॅग?"

"आत काय, पोकळ. ती भंगारवाली ठोकली तेव्हाच पिशव्या फुटून गेल्या होत्या. मी झाकणं चिकटवली." सर्वेशने दुसरा पेढा तोंडात टाकला. "चावी फिरवली की मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा चारपाच सेकंद लागून विझायला हवा. हिच्यात आत काही नाही म्हणून तो विझेचना, सारखा पेटलेला. मग काढूनच टाकला. कोण बघतंय? आरसी बुकात बेस लिहिलंय, पण ते नावावर करायला दिलंय, येईपर्यंत हा बोटीवर."

दादूने सर्वेशला ओमकारची आठवण करून दिली. गाडी परत आण म्हणाला. हात जोडले, बापाने मुलापुढे. सर्वेशचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण मग तो म्हणाला, "परत आणायची तर कारण सांगावं लागेल बाबा. कारण सांगितलं की माझं यार्ड गेलं. आणि देवीचा कौल खोटा कसा पडला ते तुम्हाला सांगावं लागेल."

त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की आपण बापाच्या नेमक्या कुठल्या जागी बोट ठेवलंय. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, तशातली गत झाली होती. देवीला तिच्या मनाने देऊ दिलं असतं तर निदान अर्धी आशा होती. ती अर्धी दादूने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, धोतराच्या सोग्याला.

शुक्रवारी महिपत गाडीची पूजा करायला देवळात आला. गाडीला झेंडूची माळ, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. पूजा झाली की तिघंजण लांज्याला मृणालीच्या माहेरी जाणार होते. मृणाली मनस्वीला घेऊन देवळाभोवती प्रदक्षिणेला गेली. दादूने महिपतचा दंड धरला आणि त्याला पिंपळाच्या पाराकडे नेलं. त्याने ठरवलं होतं, गुरवपण गेलं तर जाऊ दे.

"महिपत, कौल मी फिरवला," तो म्हणाला. "उजव्या कळ्याचं पाणी मी पुसलं. ही गाडी देवीने दिलेली नाय, मी दिलीय. आणि हिच्यात एअरबॅग नाय. ही बेस आहे, वरून टॉपची केलीय."

महिपत रागावला नाही. रागावता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला असं का वाटलं काका?"

"वाटलं नाय रे. सर्वेशने स्वतः सांगितलं. चल, चावी फिरव. टॉप असेल तर एअरबॅगचा लाल दिवा लागून विझतो. हिच्यात लागतच नाय."

महिपतने गाडीत वाकून चावी फिरवली. मीटरवर बाकीचे दिवे लागले. दादू दाखवत होता त्या जागी काळोख होता. महिपतने चावी बंद केली आणि हसला. त्याचं ते हसू फार मायेचं होतं.

"बोटीवर आमच्याकडे पण असंच असतं. लाल दिवा लागला म्हणजे दोष. हिचा लागत नाय, म्हणजे दोष नाय." मग त्याने दादूचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, तुमचं वय झालंय. बापलेकांत काही बिनसलंय का? आणि समजा, पाणी तुम्ही पुसलंत. तरी कळा पाडायचा की ठेवायचा हे कोणाच्या हातात? तिला नको असती तर तिने कोरडा कळासुद्धा धरून ठेवला असता. ती तुमच्या हातून करून घेते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"मग परत लावू कौल. आत्ता. सगळ्यांसमोर."

"दिलेला कौल परत विचारायचा नाय, हेही तुम्हीच शिकवलंत."

बेचाळीस वर्षं दादूने गावाला जे सांगितलं होतं, ते सगळं आता त्याच्यासमोर उभं राहून त्यालाच समजावत होतं. तो म्हणाला, "निदान मृणालीला सांगू दे. तिला चालवायचीय."

तेव्हा मात्र महिपतचा आवाज बदलला. "नाय. तिला अक्षर बोलायचं नाय. ओमकार गेल्यापासून ती स्टेअरिंगला हात लावायला भीत होती. देवीने दिलेली गाडी म्हणून आत्ता कुठे चालवतेय. तिच्या मनात भीती घातलीत तर वळणावर तिचा हात कापेल, आणि ते पाप तुमच्या माथी. देवीची शपथ आहे तुम्हाला, माझ्या मनस्वीची शपथ आहे."

पोरीची शपथ घातली म्हटल्यावर दादू खचलाच. शपथ मोडावी तर वळणावर हात कापेल, पाळावी तर गाडीत काही नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. त्याने मोडायला हवी होती. मी तरी मोडली असती, असं आज गावात बसून म्हणणं सोपं आहे.

मृणाली प्रदक्षिणा घालून आली. "काका, स्टेअरिंगला देवीचा अंगारा लावा ना," ती म्हणाली. दादूने अंगारा लावला. अंगठा त्या गुळगुळीत अक्षरांवर दाबला तेव्हा झाकण आत दबलं आणि परत वर आलं, खाली काही नसल्यासारखं. मृणालीने नमस्कार केला, पोरीला पुढच्या सीटवर महिपतच्या मांडीत दिलं आणि गाडी चालू केली.

आठ दिवसांनी महिपत बोटीवर गेला. गावात बोलबाला झाला की पावणाई गाड्यासुद्धा निवडून देते. दोघेतिघे कौल मागायला आले. दादूने हात कापतो असं सांगून सगळ्यांना परत पाठवलं.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ती पांढरी गाडी सकाळी नऊला देवळावरून जाते. मृणाली देवीसाठी एकदा हॉर्न वाजवते. मागच्या सीटवर बसवलं की मनस्वी आईचा चेहरा दिसत नाही म्हणून ओरडते, त्यामुळे ती पुढेच असते. आता तिला एक शब्द यायला लागला आहे, आणि देऊळ आलं की ती काचेला नाक लावून तो म्हणते, "आजो," म्हणजे आजोबा, दादूला. गाडी वळणाआड गेली की दादू देवळाच्या पायरीवर बसतो. पूजा उरकलेली असते, जेवण राहिलेलं असतं. दीडच्या सुमाराला गाडी परत येते, तेव्हा तो उठतो. लोक म्हणतात, म्हातारपणी गुरव देवीचा फार झाला, पायरी सोडीत नाही.

आज शुक्रवार. दीड वाजून गेला, तीन वाजले. दादूने येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मृणालीला दोनदा फोन लावून घेतला, लागला नाही. वाटेत रेंज नसते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. चारच्या सुमाराला सर्वेश यार्डातून लवकर घरी आला. पेढे आणल्या दिवसापासून बापलेकांत धड बोलणं नव्हतं. देवळासमोर मोटरसायकल थांबवून तो म्हणाला, "बाबा, घरी चला. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

दादूने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने पायरीवर शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस इथे," तो म्हणाला.

"कशाला?"

"ती अजून परतली नाय. येईपर्यंत उठायचं नाय. आजपासून तूही बसायचंस."

सर्वेशने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने मोटरसायकल स्टँडवर लावली आणि बापाशेजारी पायरीवर बसला.